रोह्यातलं हायड्रेंजिया

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आईच्या वाढदिवसाला काय न्यावं, हा नेहमीचा प्रश्न होता. साड्या नको म्हणते, मिक्सर आहे. मग नवी मुंबईतल्या एका नर्सरीत बुटकं हायड्रेंजिया दिसलं. झाड फूटभर आणि वर नारळाएवढा निळा गेंद! एस्टीत मांडीवर घेऊन पेण, वडखळ, नागोठणे करत रोह्याला पोचवलं.

आठवडाभर अख्खी आळी बघायला येत होती. मार्चमध्ये दुपारी पानं माना टाकायला लागली. आईने कुंडी आंब्याखाली सरकवली, दिवसातून दोनदा पाणी. मे महिन्यात कळलं, की पेणला मावशीकडच्या लग्नाला ती मुक्कामाला राहिलीच नाही. का? "अरे, तुझं झाड दुपारी सुकतं ना." गुडघे दुखतात तिचे. च्यायला, मी भेट दिली होती की ड्युटी लावली होती?

जूनमध्ये पाऊस आला, वाटलं सुटलो. कुंडीत पाणी साचून मुळं कुजली.

मग वाचलं. (रिक्वायरमेंट्स आपण शेवटीच वाचतो :-) ) पानं मोठी आणि पातळ, त्यामुळे पाणी भराभर उडतं. कळ्या धरायला सलग काही आठवडे गारवा लागतो. रोह्यात डिसेंबरच्या पहाटे गोधडी लागते खरी, पण दुपारी पुन्हा पंखा. उटीच्या हवेत ते सुखाने वाढतं. गंमत म्हणजे माती आम्ल असेल आणि झाडाला अॅल्युमिनियम मिळालं तर फूल निळं होतं, नाहीतर गुलाबी. आपली जांभ्याची माती आम्लच. म्हणजे रंगाची सोय आहे, हवेची नाही!

आता माझं मत. गेंदच हवा असेल तर एक्झोरा लावा. कुणी रुग्मिणी म्हणतं, कुणी पेंडगूळ. मावशीच्या कुंपणाला बुटका, बारीक पानांचा आहे आणि कुणी ढुंकून न बघताही लालभडक फुललेला असतो. त्याला ऊन हवं आणि पाणी साचता कामा नये. फुलं नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, म्हणून बहर ओसरला की शेंडे छाटायचे. पावसाळ्यात फांदी लावली तर जगते. फक्त नव्या बांधकामाच्या भिंतीला चिकटून लावू नका. सिमेंट-चुन्याच्या राबिटात मुळांना लोह मिळत नाही, मग पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

निळा रंग मिळणार नाही, हे मान्य. पण आपण शुक्रवारी रात्री घरी जाणार आणि रविवारी परत येणार. मधले पाच दिवस पाणी कोण घालतं, हे झाड निवडताना कुणी विचारतच नाही. मीही नव्हतं विचारलं.

यंदा मावशीकडून चार फांद्या आणल्यात. त्या निळ्या फुलाच्या कुंडीत लावू म्हटलं, तर आई म्हणाली, "ती राहू दे, तिच्यात मी ओवा लावलाय."