रिमोटवरचा सूर्य

करडीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली येतो. आमची अम्मी थंडीत कोळशाची शेगडी खाटेजवळ ठेवून झोपायची. दार बंद, खिडकीच्या फटीत चिंध्या. गेल्या जानेवारीत फजरला ती उठली ती डोके धरूनच. उलटी झाली, पाय लटपटले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोली बंद होती का?"

जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. अम्मी वाचली, ही अल्लाहची मेहरबानी. शेगडी त्याच दिवशी अंगणात गेली.

मग भाच्याने एसीचा रिमोट दाखवला. उन्हाळ्यासाठी घेतलेला तो एसी 'हॉट अँड कोल्ड' निघाला. रिमोटवरचे सूर्याचे चिन्ह दोन वर्षांत कुणी दाबलेच नव्हते! (सगळ्या एसीत ही सोय नसते, घेताना विचारून घ्यावे.)

अम्मीला बिलाची धास्ती. मी भाषेचा शिक्षक, पण समजावले ते असे : विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, खालचे वर आणते. हा एसीही बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. म्हणून १ युनिट विजेत आपल्या थंडीत साधारण ३ युनिटांची ऊब मिळते. १५०० वॉटचा हीटर आठ तास चालला तर १२ युनिटे जळतात. तेवढीच ऊब इथे चारेक युनिटांत मिळते. नॉर्वे, फिनलंडसारख्या बर्फाळ देशांत असंख्य घरे याच यंत्रांवर उबदार राहतात.

पण नीट वापरले तर. आम्ही आधी ३० अंशांवर लावायचो, खोली लवकर तापेल म्हणून. तसे होत नाही, फक्त बिल वाढते. २१-२२ पुरतात, आणि सारखे बंद-चालू न करता तेवढ्यावरच चालू ठेवावे. गरम हवा वर जाते, म्हणून हवेच्या पट्ट्या खाली वळवाव्यात. आमच्या पट्ट्या उन्हाळ्यापासून वरच होत्या, अम्मीचे पाय गारच राहायचे. आतली जाळी महिन्यातून दोनदा धुवावी. धानाच्या मळणीच्या दिवसांत इतकी धूळ बसते की विचारू नका. बाहेरच्या युनिटपुढे पोती, लाकडे रचू नयेत. कौलारू खोलीत मात्र ऊब कौलांतून निघून जाते. स्लॅबची खोली बरी, दाराला जाड पडदा हवा.

धुक्याच्या पहाटे यंत्र मध्येच थांबते, चार-पाच मिनिटे गरम हवा येत नाही, बाहेर पाणी ठिबकते. बिघडले म्हणून मी मेकॅनिकला बोलावले होते. तो हसला. बाहेरच्या नळ्यांवर साचलेले हिम यंत्र स्वतःच वितळवते, एवढेच.

ज्यांच्याकडे एसी नाही त्यांनी गरम पाण्याची पिशवी आणि गोधडी वापरावी, पण बंद खोलीत शेगडी नको. आमची शेगडी आता अंगणात वांगी भाजते. अम्मी अजून कुरकुरते, "मशीनच्या उबेला कोळशाची सर नाही." पण रात्री रिमोट तिच्याच उशाशी असतो.