प्रायश्चित्तकाळात चूल सोपी करा, शेजाऱ्याची पिशवी उचला



भस्मबुधवार जवळ आला की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. 'यंदा मटण बंद ना?' हा पहिला. 'मग जेवायला करायचं काय?' हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला सगळं घर एका सुरात 'हो' म्हणतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र घरातल्या बाईनेच शोधायचं असतं. मग मटणाच्या जागी पनीर येतं, शुक्रवारी महागडी मासळी येते, कटलेट येतात, भरली वांगी येतात. मांस सुटतं, पण खर्च तेवढाच राहतो आणि ओट्यापाशी उभं राहण्याचे तास वाढतात. याला आपण त्याग म्हणतो.

मला वाटतं, या ४० दिवसांत आपलं ताट इतकं साधं असावं की आजारी माणसालाही ते रांधता यावं आणि गरिबालाही परवडावं. त्यातून जो पैसा आणि जे बळ वाचेल, ते ज्यांच्या अंगात बळ नाही त्यांच्या दारी जावं. हे दुसरं झालं नाही, तर पहिल्याचा उपयोग थोडाच.

गेली काही वर्षं मी बेळगावात घरभेटीची सेवा करतो. कॅम्प, टिळकवाडी, शहापूर या भागांतल्या कितीतरी घरांत आज एकच माणूस राहतो. मुलं पुण्याला किंवा आखातात. कुणाला संधिवात, कुणाचं डायलिसिस चालू, कुणाची केमो नुकतीच संपलेली. या घरांत पैशांची चणचण असते, पण त्याहून मोठी चणचण ताकदीची असते. बाजारातून भाजी आणली की चिरायला बळ उरत नाही. चिरली तर गॅसपाशी उभं राहवत नाही. शेवटी चहा-खारीवर दिवस निघतो. एका मावशींना मी बाजारात जाताना विचारलं, "बटाटे आणू का?" त्या म्हणाल्या, "नको रे बाबा, सोलायचे कुणी? टोमॅटो आण." ताकद मोजून वापरणारं माणूस असा विचार करतं.

अशा माणसांना अनेकदा उपवासाची टोचणी लागते. 'फादर, मला उपवास झेपत नाही' हे वाक्य पापनिवेदनाच्या सुरात सांगितलं जातं. म्हणून ख्रिस्तसभेचा नियम आधी नीट सांगतो. भस्मबुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे. उपवास १८ वर्षं पूर्ण झालेल्यांपासून ५९ पूर्ण होईपर्यंत. मांसवर्जन १४ वर्षं पूर्ण झाल्यावर. उपवासाच्या दिवशीही एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडं खाणं चालतं. आजाऱ्यांवर उपवासाचं बंधन नाही. म्हणजे ६५ वर्षांच्या आजारी काकूंनी चक्कर येईपर्यंत उपाशी राहावं, अशी अपेक्षा ख्रिस्तसभेने कधीच केलेली नाही.

मांस, अंडी, दूध काहीच न घेणं हे तर आजच्या नियमात मुळीच नाही. तो ज्याच्या त्याच्या इच्छेचा भाग. पण ही वाट आपल्याला परकीही नाही. 'वीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडात जन्मला, तरी तसं जेवण चर्चमध्ये शतकानुशतकं होतं. पूर्वी पश्चिमेकडेही प्रायश्चित्तकाळात मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतं सोडत. ईस्टरला अंड्याचं एवढं कौतुक का, याचं एक कारण तेच. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आजही उपवासाच्या दिवसांत डाळी, भाज्या आणि भाकरीवर राहतात. 'आपण मासे-मटण खाणारी माणसं, हे डाळीचं खूळ आपलं नव्हे' असं कुणी म्हटलं, तर त्यांना दानीएलाची आठवण करून द्यावी. राजाच्या पंक्तीचं अन्न नाकारून त्याने आणि त्याच्या मित्रांनी दहा दिवस शाकाहार आणि पाणी मागून घेतलं होतं.

आणि सारफथची विधवा? तिच्याकडे मूठभर पीठ, थोडं तेल आणि वेचलेल्या दोन काटक्या एवढंच होतं. पीठ, तेल आणि सरपण. तेवढ्यावर तिने आधी एलीयाला भाकरी दिली. पवित्र शास्त्रातली ही सर्वांत गरीब चूल, आणि संदेष्ट्याला तीच पुरली.

आता आपल्या चुलीकडे वळू. ज्यांच्याकडे दिवसाला जेमतेम तासाभराचं बळ आहे, अशा घरांत मी जे चालताना पाहिलं आहे तेच सांगतो.

पहिली गोष्ट, भिजवणं. मटकी किंवा चवळी रात्री पाण्यात टाकली की काम झोपेत होतं. अर्धा किलो मटकी भिजून मोड आले की एक किलोच्या वर भरते. तिचे तीन वाटे करावेत. एक आज शिजवावा, एक फ्रीजमध्ये ठेवावा, एक फ्रीजरमध्ये. ज्याला भिजवण्याचंही लक्षात राहत नाही, त्याने मूगडाळ आणि मसूर घरात ठेवावी, त्यांना भिजवावं लागत नाही. एका माणसाला एका वेळेस ५० ग्रॅम डाळ धरली, तर एक किलोत २० जेवणं होतात. त्या पैशांत मटण किती येतं ते तुम्हीच पाहा.

दुसरी गोष्ट, कुकर. मोठा कुकर उचलताना मनगट दुखतं. दोन-तीन लिटरचा पुरतो. खाली डाळ, वर वाटीत तांदूळ, डाळीतच कोबी किंवा दुधीच्या फोडी. लाल भोपळा घ्यायचा तर भाजीवालीकडूनच कापून घ्यावा, अख्खा भोपळा फोडणं हे दुबळ्या हाताचं काम नव्हे. कोवळा दुधी सोलावा लागत नाही. पालेभाजी स्वस्त असली तरी निवडायला बळ खाते, ती निवडून द्यायला कुणी आलं तरच घ्यावी.

तिसरी गोष्ट, पीठ. कुळथाचं पीठ डब्यात असेल तर दहा मिनिटांत पिठलं होतं. नाचणीचं पीठ पाण्यात कालवून रात्रभर ठेवलं की आपोआप आंबतं. सकाळी त्याची आंबील करावी, ताक नको असेल तर लिंबू पिळावं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दूध सोडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. भाकरी थापणं जमत नसेल तर आपल्या भागात मिळणारी कडक भाकरी आणून ठेवावी. ती बरेच दिवस टिकते आणि आमटीत भिजवली की कवळी असणाऱ्यालाही चावता येते. जोडीला शेंगदाण्याची चटणी असली की जेवण झालं.

चौथी गोष्ट, बसणं. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवावं. विळीवर बसून उठणं गुडघ्यांना जमत नसेल तर टेबलावर सुरीने चिरावं. रोजची भांडी कमरेच्या उंचीवर ठेवावीत, वाकणं नको आणि हात उंचावणंही नको. निम्मं काम सकाळी, निम्मं विश्रांतीनंतर. उभं राहूनच रांधलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

एक इशाराही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाने आपल्या मनाने डाळी, नाचणी, टोमॅटो वाढवू नयेत, त्याचा आहार डॉक्टरच ठरवतील. आणि प्रायश्चित्तकाळानंतरही कुणी कायमचं दूध-अंडी सोडणार असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी लागते, ते डाळी-भाज्यांतून मिळत नाही.

आता कुणी म्हणेल, 'स्वयंपाक सोपा केला तर त्याग कसला? हा आळस झाला.' मला हे पटत नाही. एलीयाची दुसरी गोष्ट आठवा. तो रानात थकून झुडुपाखाली पडला, मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, जाब विचारला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं त्याच्या उशाशी ठेवलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा जेवायला उठवलं, कारण पुढची वाट त्याच्या आवाक्याबाहेरची होती. त्या अन्नाच्या बळावर तो ४० दिवस, ४० रात्री चालून होरेबला पोहोचला. पवित्र शास्त्रातल्या या ४० दिवसांची सुरुवात झोप आणि आयत्या भाकरीने होते. थकलेल्याचं बळ जपणं हे देवाचंच काम आहे.

कार्मेलाईट मठातले ब्रदर लॉरेन्स यांचंही असंच. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात त्यांनी वर्षानुवर्षं स्वयंपाकघर सांभाळलं. खरं तर त्यांना रांधायची नावड होती, आणि सैनिक असताना झालेल्या दुखापतीमुळे ते लंगडत. एकदा मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्यांना दूर पाठवलं. होडीत चालता येईना म्हणून ते पिंपांवरून अंग लोटत, सरपटत इकडून तिकडे जात. ते कामही त्यांनी देवाचं म्हणून केलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ते वाचताना दर वेळी मनात येतं, की धडधाकट पायांचं दुसरं कुणी त्या होडीत पाठवता आलं नसतं का?

हा प्रश्न मी आपल्या धर्मग्रामाला विचारतो. मदत म्हणजे काय, तर आपण वर्षातून एकदा धान्याची पिशवी देतो. पाच किलो तांदूळ, डाळ, तेल. फोटो निघतो. पिशवी फाटकापाशी राहते आणि घेणारी बाई दुसऱ्या मजल्यावर. घर दिसतं तसं नीटनेटकं, म्हणून 'यांना काय कमी' असंही आपण ठरवून टाकतो. त्या घराला धान्य दुकानात मिळतं, ते वर नेणारा माणूस मिळत नाही. भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, तो सरकवून जोडायचा कुणी? (५ किलोचा लहान सिलिंडर मिळतो, एकट्या माणसाने त्याची चौकशी करावी.) रेशनच्या दुकानात अंगठा द्यायला स्वतः जावं लागतं, तिथे रिक्षाने सोबत नेऊन खुर्ची मागून देणारं कुणी हवं. गिरणीतून दळण, औषधाच्या दुकानातून महिन्याच्या गोळ्या, वीजबिल, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला. ही कामं छोटी आहेत. ज्याच्या अंगात ताप आहे त्याला विचारा, ती केवढी आहेत.

म्हणून माझी सूचना. प्रत्येक वाडातल्या चार जणांनी मिळून एक घर घ्यावं. चारच का? पक्षाघाती माणसाला खाटेसकट उचलून छपरातून येशूपुढे उतरवणारे चौघेच होते, एकट्याला ते झेपलं नसतं. एकाने आठवड्याचा बाजार करावा, एकाने औषधं आणि बिलं पाहावीत, एकाने शनिवारी तासभर बसून भाजी निवडावी, कडधान्य भिजवावं, दोन दिवसांची डाळ शिजवून ठेवावी. चौथ्याने नुसतं बसून बोलावं, कारण त्या घराला तेही हवं असतं. काय आणायचं ते घरच्या माणसाला विचारावं, आपल्या मनाने नको. हिशेब चिठ्ठीवर लिहून उरलेले पैसे तिथल्या तिथे द्यावेत. फोटो काढू नयेत.

यात पुरुषांनी पुढे यावं असं मला मुद्दाम म्हणायचं आहे. आपल्याकडे सेवेची कामं वाटताना मिरवणुकीचा क्रूस पुरुष उचलतात आणि आजाऱ्याचा डबा बायका भरतात. सिलिंडर उचलायला जे हात पुरतात, ते मटकी धुवायलाही पुरतात. सेवानिवृत्त मंडळींकडे तर वेळही आहे.

यशयाने सांगितलेला देवाच्या पसंतीचा उपवास आपण दर वर्षी मिस्सामध्ये ऐकतो. त्यात मान लववून बसण्याचं कौतुक नाही. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं आणि दुसऱ्याच्या मानेवरचं जू काढणं, याचं आहे. भाकरी आणि ओझं ही दोन्ही कामं संदेष्ट्याने एकाच दमात सांगितली आहेत. आपण पहिलं थोडंफार करतो, दुसरं विसरतो.

आणि ज्यांच्या घरी असं कुणी येईल, त्यांनाही एक विनंती. 'कशाला त्रास घेतलात' म्हणून परत पाठवू नका. दार उघडा, यादी हातात द्या. तुमचं उरलेलं बळ प्रार्थनेला, झोपेला किंवा नातवंडांशी फोनवर बोलायला राहू द्या. आमच्यासाठी प्रार्थना कराल ना? ती आमच्या चौघांच्या धावपळीपेक्षा कमी नाही.

या भस्मबुधवारी मिस्सानंतर आपल्या वाडाच्या प्रमुखांना भेटा आणि एक घर मागून घ्या.

हे प्रभो येशू, तू भुकेल्या लोकसमुदायाला बसवून जेवू घातलंस आणि उरलेले तुकडेही गोळा करायला सांगितलेस. आमच्या घरात काहीच वाया जाऊ देऊ नकोस, ना अन्न, ना पैसा, ना तू दिलेलं बळ. जे थकले आहेत त्यांना भाकरी आणि विसावा दे, आणि ती भाकरी त्यांच्या उशाशी नेऊन ठेवायला आम्हाला पाठव. आमेन.