टक्के कशाचे, ते आधी विचारा



आमच्या वीज कंपनीकडून वर्षातून एकदा एक पत्रक येते. आपल्याला मिळालेली वीज कशापासून तयार झाली, याचा तक्ता त्यात असतो. परवा आमच्याकडे जेवायला जमलेल्या मंडळींत त्यावरून वाद झाला. एकजण म्हणाले, "कॅलिफोर्नियाने करून दाखवले." दुसरे म्हणाले, "सगळा आकड्यांचा खेळ." मोजमाप हा माझा पेशा, म्हणून मी मध्ये पडलो. बोलता बोलता लक्षात आले की, मीसुद्धा हे टक्के अनेकदा अभिमानाने सांगितले आहेत, आणि तेही कशाचे टक्के ते न सांगता!

कॅलिफोर्नियाने २००२ साली पहिला कायदा केला, तेव्हा २०१७ पर्यंत २० टक्के अक्षय वीज हे लक्ष्य होते. २०१८ च्या कायद्याने ते २०३० पर्यंत ६० टक्के झाले, आणि २०४५ साठी १०० टक्के कार्बनमुक्त विजेचे लक्ष्य ठरले. ऐकायला सगळे स्पष्ट आहे. मोजायला बसले की प्रश्न सुरू होतात.

पहिला प्रश्न: छेदात काय? ही टक्केवारी ग्राहकांना विकलेल्या विजेवर काढतात. समजा, एक कंपनी १०० युनिट वीज विकते आणि त्यातली ३६ युनिट अक्षय आहे. ग्राहकांनी छपरावर पॅनेल बसवून १० युनिट घरीच तयार केली, तर कंपनीची विक्री ९० वर येते. अक्षय वीज ३६ युनिटच राहिली, पण टक्के झाले ४०. प्रगती खरी, पण ती ग्राहकांनी केली. श्रेय कंपनीच्या खात्यात जमा झाले.

दुसरा प्रश्न: अंशात काय? ३० मेगावॉटहून मोठी जलविद्युत केंद्रे ६० टक्क्यांच्या लक्ष्यात सहसा धरत नाहीत. हेतू नवे प्रकल्प उभे करण्याचा होता, जुनी धरणे मोजण्याचा नव्हता. २०४५ च्या लक्ष्यात मात्र तीच केंद्रे चालतात. एकाच कायद्यात दोन मापे! भारतातही मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला. त्या निर्णयाने कुठल्याही धरणावर एक युनिटही जास्त तयार झाले नाही. बदलली ती व्याख्या.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: वीज कधी मिळते? वार्षिक बेरजेत दुपार आणि रात्र एकच होतात. २०२४ मध्ये राज्याच्या मुख्य ग्रिडवर सौर आणि पवन केंद्रांची सुमारे ३४० कोटी युनिट वीज घेता आली नाही. घ्यायला मागणी नव्हती किंवा वाहून न्यायला तारा अपुऱ्या होत्या. आणि सूर्य मावळला की गॅसवरची केंद्रे लागतातच. बॅटऱ्या झपाट्याने वाढत आहेत, तरी अजून लागतात. ऑक्सनार्ड या बहुसंख्य लॅटिनो वस्तीच्या गावी समुद्रकिनाऱ्यावर असेच एक जुने केंद्र आहे. ते २०२० मध्ये बंद व्हायचे होते. मुदत आधी २०२३ पर्यंत आणि नंतर २०२६ पर्यंत वाढवली गेली. तिथल्या रहिवाशांना राज्याची वार्षिक टक्केवारी सांगून काय उपयोग?

मग ही फसवणूक आहे का? मुळीच नाही. तेच माप वर्षानुवर्षे लावले तर वाढ खरीच दिसते. २०२० चे ३३ टक्क्यांचे लक्ष्य राज्याने गाठले. पण एका आकड्यावर सगळा भार टाकणे चूक आहे. टक्क्यांबरोबर आणखी दोन गोष्टी मागायला हव्यात: वीजनिर्मितीतून एकूण किती टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, आणि संध्याकाळच्या तासांत गॅसची वीज किती होती.

आपल्यापैकी अनेकजण रोज आकड्यांतच काम करतात. विरोधकांच्या आकड्यांची आपण कसून तपासणी करतो. आपल्या बाजूच्या आकड्यांना मात्र सवलत देतो. ती सवलत शेवटी विरोधकांच्याच उपयोगी पडते, कारण एक फुगवलेला आकडा सापडला की ते सगळी चळवळच खोटी ठरवतात.

तेव्हा पुढचे पत्रक आले की ते कचऱ्यात टाकू नका. वाचा, आणि आपल्या आमदाराला पत्र लिहून संध्याकाळचा हिशोब मागा.