गरज कथेची की गल्ल्याची?
बाईचे कपडे उतरवले की निर्माते ‘कथेची गरज’ म्हणतात. ही गरज तपासता येते. ‘बँडिट क्वीन’मधल्या फूलनच्या नग्न धिंडीचं दृश्य सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मान्य केलं, कारण ते पाहून वासना नाही, संताप उसळतो. रवी जाधवांच्या ‘न्यूड’मध्ये नग्नता हे मुलाच्या शिक्षणासाठी राबणाऱ्या यमुनाचं काम आहे, आणि २०१७ च्या इफ्फी महोत्सवातून हा सिनेमा वगळला गेला, याची चीड येते. ‘राम तेरी गंगा मैली’तली धबधब्याखालच्या ओल्या पांढऱ्या साडीचं दृश्य मात्र काढून टाकलं, तरी कथा कुठेच अडत नाही. प्रेक्षकांनाच हे हवं असतं म्हणावं, तर संगमनेरच्या तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांनी शिवाजी महाराज साकारून फड गाजवले. लावणीही अंगभर नऊवारीतच रंगते.