पुराचे कर्ज कोणी फेडायचे?

२०२२ च्या जून ते सप्टेंबर या काळात पाकिस्तानात जो प्रलयंकारी पाऊस झाला, त्यात सतराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे तीन कोटी तीस लक्ष लोकांना त्याची झळ पोचली. सिंध प्रांतातील कपाशीची उभी पिके गेली. रब्बीच्या पेरणीची वेळ आली तरी कित्येक शेतांतून पाणी हटले नव्हते. जागतिक बँकादी संस्थांच्या साहाय्याने झालेल्या पाहणीत प्रत्यक्ष नुकसान १४.९ अब्ज डॉलर व आर्थिक हानी १५.२ अब्ज डॉलर असे आकडे निघाले. जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात या देशाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे.

जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हात परिषद भरली आणि नऊ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची आश्वासने मिळाली. मग पाकिस्तानच्या अर्थमंत्र्यांनीच खुलासा केला की, त्यांतील सुमारे नव्वद टक्के रक्कम प्रकल्प-कर्जांच्या रूपाने यावयाची आहे. ज्याचे घर वाहून गेले त्याने ते ऋण काढून बांधावे, असाच याचा अर्थ. असे कर्ज सरकार घेते, परंतु ते फिटते अप्रत्यक्ष करांतून. सिंधमधील हारी, म्हणजे जमीनदाराची शेती वाट्याने कसणारे कूळ, आधीच पिढ्यान्‌पिढ्या धन्याच्या वहीत अडकलेले. काडेपेटी विकत घेताना आता तो या दुसऱ्या सावकाराचाही हप्ता भरणार! पाकिस्तानी राज्यकर्त्यांच्या बेपर्वाईवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण बेपर्वाई त्यांची असली, तरी तापलेली हवा त्यांची नव्हे.

जिनिव्हात घडले तो अपवाद मानता येत नाही. २००९ साली कोपनहेगन येथे धनिक राष्ट्रांनी २०२० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते दोन वर्षे उशिरा, २०२२ मध्ये, ११५.९ अब्जांचा आकडा दाखवून पुरे झाल्याचे त्यांच्याच संघटनेने, ओ.ई.सी.डी.ने, जाहीर केले. यातील सार्वजनिक निधीपैकी ६९ टक्के कर्जे होती. कर्जाची सगळी मुद्दल ‘साहाय्य’ म्हणून मोजणे हा कोणता हिशेब? बाजारापेक्षा कमी व्याज लागले, तर वाचलेल्या व्याजापुरतीच ती मदत. हे आम्ही वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकवीत असू. ऑक्सफॅमने या दृष्टीने मांडणी केली, तेव्हा त्या वर्षीच्या साहाय्याचे खरे मोल २८ ते ३५ अब्जच भरले. पुढे २०२४ साली बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला तीनशे अब्जांचे नवे उद्दिष्ट ठरले. त्यातही अनुदान किती आणि कर्ज किती, हे बांधून घेतलेले नाही.

वास्तविक १९९२ च्या करारातच जबाबदारी सर्वांची, परंतु प्रत्येकाचा भार वेगळा, हे तत्त्व मान्य झाले होते. औद्योगिक युगाच्या प्रारंभापासून खनिज इंधने जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. तत्त्वाला हात न लावता त्यातील दात मात्र काढून घेण्यात आले. २०१५ साली पॅरिसमध्ये ‘हानी व नुकसान’ यासंबंधीचे कलम आले. त्यासोबतच्या ठरावात, या कलमाच्या आधारे दायित्व वा भरपाई मागता येणार नाही, असेही लिहून घेतले गेले.

येथे मला आपल्याकडील एका जुन्या कायद्याची आठवण होते. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर, १८७९ मध्ये, झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याची मुभा दिली. कागदावर ऋणको कोण आहे एवढ्यावर न्याय अडू नये, हे परक्या साम्राज्य सरकारलाही उमगले होते. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वानुआतूच्या पुढाकाराने मागविलेल्या सल्ल्यात सांगितले की, हवामानविषयक कर्तव्यांचा भंग करणाऱ्या राष्ट्रावर, कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास, पूर्ण भरपाईचेही दायित्व येऊ शकते. तो सल्ला बंधनकारक नाही; परंतु रोख्याच्या पाठीमागे पाहण्याचा मार्ग त्याने मोकळा केला.

भारताने या मार्गावर पुढे व्हावे. तसे होताना आपल्या झोपडीवासीयांच्या अल्प उत्सर्जनाची सरासरी दाखवून येथील धनिकांच्या चैनीचा धूर झाकण्याची सवय सोडावी लागेल. अन्यथा बाहेर मागितलेल्या न्यायाला घरातच साक्षीदार मिळणार नाही. बाकूला भारताच्या प्रतिनिधींनी तीनशे अब्जांच्या आकड्याला जाहीर हरकत घेतली, हे उचितच झाले. आता आपत्तिग्रस्त देशाला दिलेले कर्ज हवामान-साहाय्य म्हणून मोजू नये, अशी स्पष्ट मागणी आपण करावी, आणि उदाहरण म्हणून पाकिस्तानचे नाव घ्यावे लागले तरी ते घ्यावे.