पडद्यावर न आलेली नावं

ग्लॅम मेटलचा विषय निघाला की जाणकार रसिकांचं म्हणणं ठरलेलं असतं. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर केस फुगवलेले, डोळ्यांत काजळ घातलेले काही तरुण जमले. १९८१ साली सुरू झालेल्या एमटीव्हीला झगझगीत चित्रं हवीच होती. दोघांची गाठ पडली आणि संगीताच्या नावाखाली दहाएक वर्षं नुसता देखावा चालला. १९९१ साली सिअ‍ॅटलकडून खरं संगीत आलं आणि हा बाजार उठला. राहिले त्या व्हिडिओंच्या चित्रीकरणामागचे किस्से. गाडी कोणाची होती, कोणाचं कोणाशी सूत होतं, रात्री किती दारू रिचवली, असल्या गोष्टींत शहाण्यानं वेळ का दवडावा, असा त्यांचा सवाल असतो.

या सवालामागची समजूत चुकीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हे संगीत कोणाला आवडावं, कोणाला नावडावं, यावर माझा वाद नाही. पण पडद्यामागची माहिती टाकाऊ आहे, हे विधान पुराव्यापुढे टिकत नाही. अशीच एक माहिती १९८५ साली अमेरिकेच्या सिनेटसमोर, अधिकृत साक्षीत, बचाव म्हणून मांडली गेली आहे.

ट्विस्टेड सिस्टर या बँडचं ‘वुई आर नॉट गॉना टेक इट’ हे गाणं १९८४चं. त्याचा व्हिडिओ मार्टी कॉलनर या दिग्दर्शकानं केला. घरात गिटार बडवणाऱ्या मुलावर बाप खेकसतो. मुलगा तार छेडतो आणि बाप खिडकीतून बाहेर फेकला जातो. पुढे सगळा वेळ बाप बँडमागे धावतो, आपटतो, उठतो, पुन्हा आपटतो. बापाच्या भूमिकेत मार्क मेटकाफ हा नट आहे. १९७८च्या ‘अ‍ॅनिमल हाउस’ या चित्रपटात त्यानं कवायतीचा दरारा मिरवणारा नीडरमायर साकारला होता. गणवेशावरच्या बिल्ल्यावरून तो चित्रपटात ज्या थाटात ओरडतो, त्याच थाटात तो या व्हिडिओतही ओरडतो. अमेरिकी तरुण प्रेक्षकाला तो चेहरा आणि ते ओरडणं लगेच ओळखू येत होतं. म्हणजे पहिल्या काही सेकंदांतच त्याला कळत होतं, की आपण प्रहसन पाहतो आहोत.

पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर या संघटनेला मात्र ते कळलं नाही. टिपर गोर आणि वॉशिंग्टनमधल्या इतर वजनदार घरांतल्या स्त्रियांनी स्थापन केलेल्या या संघटनेनं पंधरा आक्षेपार्ह गाण्यांची यादी काढली. हिंसेच्या सदरात तिनं हे गाणं घातलं. १९ सप्टेंबर १९८५ रोजी बँडचा गायक डी स्नायडर सिनेटच्या समितीपुढे उभा राहिला. बिनबाह्यांचं जाकीट, मोकळे सोडलेले सोनेरी केस, खिशातून काढलेला घडी घातलेला कागद. गाण्याच्या शब्दांत हिंसा कुठेही नाही, आक्षेप घेणाऱ्यांनी शब्द आणि व्हिडिओ यांची गल्लत केली असावी, हे त्यानं दाखवून दिलं. मग त्यानं चित्रीकरणामागची हकीगत सांगितली. व्हिडिओ म्हणजे माणसांकडून करून घेतलेला, ‘रोड रनर’च्या धर्तीचा व्यंगचित्रपटच होता. त्यातली एकूण एक आदळआपट त्याच्या स्वतःच्या संग्रहातल्या व्यंगचित्रपटांतून उचललेली होती. ‘रोड रनर’ मालिकेतला कोल्हा प्रत्येक वेळी कड्यावरून कोसळतो आणि पुढच्या क्षणी धडधाकट उभा असतो. त्याला कोणी हिंसा म्हणत नाही.

हा किस्सा वगळा आणि मग ती साक्ष वाचा. तिचा कणाच निघून जातो. नाचक्की होईल या खात्रीनं ज्याला बोलावलं, त्या माणसाला आपल्या कामाची बारीक माहिती होती आणि त्या माहितीच्या बळावर तो उभा राहिला. अशी माहिती उकिरड्यावर फेकायची नसते.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. हे व्हिडिओ फसवे होते, असं म्हणतात. यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करू. सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण व्हाइटस्नेक या बँडचं. त्यांच्या १९८७च्या अल्बममधली बहुतेक गाणी गिटारवादक जॉन साइक्सनं गायक डेव्हिड कव्हरडेलच्या जोडीनं लिहिली. बास गिटार नील मरेची, ड्रम एन्सली डनबारचे. अल्बम बाजारात येण्याआधीच हे तिघे बँडबाहेर गेले होते. व्हिडिओंत दिसतात ते एड्रियन व्हँडेनबर्ग, व्हिव्हियन कॅम्पबेल, रूडी सार्झो आणि टॉमी ऑल्ड्रिज. ‘स्टिल ऑफ द नाइट’मध्ये व्हँडेनबर्ग व्हायोलिनचा गज गिटारवर फिरवताना दिसतो, पण त्या गाण्यातली गिटार साइक्सची आहे. ‘हिअर आय गो अगेन’मधला एकल तुकडा तेवढा व्हँडेनबर्गनं अल्बमवर खरोखर वाजवला आहे. एरवी लाखो घरांत ज्यांच्या बोटांकडे लोक डोळे लावून बसले होते, त्यांनी ते वाजवलेलंच नव्हतं; वाजवणारी बोटं वेगळीच होती.

फसवणूक झाली, हे कबूल. पण ती उघडकीला कशामुळे आली? याच किस्स्यांमुळे. चित्रीकरणामागचं सांगणारे, विचारणारे, नोंदवून ठेवणारे रसिक नसते, तर पडद्यापुरतं पाहणाऱ्यांच्या लेखी साइक्सचं काम कायमचं दुसऱ्याच्या नावावर चढलं असतं. पडद्यावर खोटं आहे म्हणून पडद्यामागचं ऐकायचंच नाही, हा युक्तिवाद चोरीला वैतागून पंचनामा फाडण्यासारखा आहे.

‘हिअर आय गो अगेन’च्याच व्हिडिओत दोन जॅग्वार गाड्यांच्या बॉनेटवर नाचणारी टॉनी किटेन आहे. दिग्दर्शक पुन्हा मार्टी कॉलनरच. एक गाडी त्याची, दुसरी कव्हरडेलची. किस्सा सांगणारे बहुधा इथेच थांबतात आणि तिला ‘गाडीवरची मुलगी’ म्हणून मोकळे होतात. इथे मात्र आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला मला उभं राहावं लागतं. या व्हिडिओंनी बायकांना सजावटीच्या वस्तूसारखं वापरलं, हा आरोप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तोच आरोप करणारे टीकाकार किटेनचं नाव तरी घेतात का? किटेननं पुढे मुलाखतींत सांगितलं, की त्या दिवशी नृत्यरचनेसाठी पॉला अब्दुल हजर होती. काय करता येतं ते दाखव, असं तिनं किटेनला सांगितलं. पाहून झाल्यावर, हिला माझी गरज नाही, असं दिग्दर्शकाला सांगून ती निघून गेली. पडद्यावरच्या त्या कोलांट्या किटेनच्या स्वतःच्या आहेत. ऑक्टोबर १९८७मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात तिच्या कष्टाचा वाटा होता. तिला वस्तू मानणारा दिग्दर्शक आणि तिला वस्तू म्हणून सोडून देणारा टीकाकार, दोघेही तिचं काम पुसतात. पडद्यामागचा हा लहानसा तपशील ते काम तिच्या पदरात परत घालतो.

कॉलनरचं नाव वर दोनदा आलं, ते मुद्दाम. ट्विस्टेड सिस्टरच्या बापाची फजिती आणि व्हाइटस्नेकचा मादक झगमगाट, दोन्ही एकाच माणसाचं काम आहे हे त्या काळच्या प्रेक्षकाला कळायला मार्गच नव्हता. एमटीव्ही पडद्याच्या कोपऱ्यात गायकाचं, गाण्याचं, अल्बमचं आणि कंपनीचं नाव दाखवत असे. दिग्दर्शकाचं नाव दाखवायला या वाहिनीनं सुरुवात केली ती १९९२च्या अखेरीस, म्हणजे ग्लॅम मेटलचा बहर ओसरल्यावर. तो अख्खा कालखंड दिग्दर्शकाच्या नावाविना प्रक्षेपित झाला. नट, संकलक, नृत्यदिग्दर्शक यांचा तर प्रश्नच नव्हता. चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावली सरकते, तशी सोय इथे कोणी ठेवलीच नाही. म्हणून या व्हिडिओंची श्रेयनामावली किस्स्यांत विखुरलेली आहे आणि ती तिथूनच वेचून काढावी लागते. माझ्या मंडनाचा गाभा हाच आहे.

वेचायला लागलं की कोणत्या परंपरेतून काय आलं तेही दिसू लागतं. कॉलनर विनोदवीरांचे कार्यक्रम चित्रित करण्यातून आला होता. एचबीओवरचा रॉबर्ट क्लाइनचा १९७५चा एकपात्री कार्यक्रम त्याचाच. बापाच्या फजितीची लय अशी हुकमी का, ते यातून कळतं. रॅट या बँडच्या ‘राउंड अँड राउंड’च्या व्हिडिओत मेजवानीच्या टेबलावर मिल्टन बर्ल हा म्हातारा नट पुरुष आणि स्त्री अशा दोन्ही वेशांत बसलेला आहे. बँडचा व्यवस्थापक मार्शल बर्ल हा त्याचा पुतण्या, म्हणून तो आला, एवढंच लोक सांगतात. पण हाच मिल्टन बर्ल १९४८पासून अमेरिकी दूरचित्रवाणीवर बाईचा वेश करून घराघरांतल्या लोकांना हसवत होता. पुरुषांनी रंग फासला, झुलपं सोडली म्हणून ज्या बँडना नावं ठेवली गेली, त्यांच्या टेबलावर त्या देशाच्या रंगभूमीची जुनी परंपरा पाहुणी म्हणून बसली होती. नात्यागोत्याच्या त्या किरकोळ तपशिलाचा धागा हाती नसता, तर तिकडे लक्षही गेलं नसतं.

राहिला खऱ्या-खोट्याचा मुद्दा. पेनेलपी स्फिरिसचा १९८८चा ‘द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन’चा दुसरा भाग हा या पिढीचं नग्न सत्य दाखवणारा माहितीपट म्हणून गाजला. त्यात स्वयंपाकघरात ऑझी ऑस्बर्नच्या थरथरत्या हातातून संत्र्याचा रस सांडतो. तो रस सांडणं बनावट होतं आणि ते स्वयंपाकघर त्याचं नव्हतं, हे स्फिरिसनं पुढे स्वतःच सांगितलं. व्हिडिओला खोटं म्हणणाऱ्यांनी सत्य म्हणून ज्याकडे बोट दाखवलं, तेही रचलेलंच होतं.

रचलेल्या प्रतिमेची किंमत विंगर या बँडनं मोजली. मेटॅलिका या बँडच्या एका व्हिडिओत, विंगरचा गायक किप विंगर याच्या चित्रावर डार्ट फेकले जाताना लोकांनी पाहिलं. ‘बीव्हिस अँड बटहेड’मध्ये सगळ्यांत बावळट पोराच्या अंगावर विंगरचा टी-शर्ट चढवला गेला. बँड हास्यास्पद ठरला. त्याच बँडचा ड्रमवादक रॉड मॉर्गनस्टाइन हा आधी डिक्सी ड्रेग्समध्ये वाजवून नावाजलेला होता आणि पुढे बर्कली संगीत महाविद्यालयात शिकवू लागला. किप विंगरच्या संगीतावर २०१०मध्ये सॅन फ्रान्सिस्को बॅलेनं ‘घोस्ट्स’ हा बॅले सादर केला. नर्तक निजिन्स्कीवरच्या त्याच्या रचनेला समकालीन अभिजात संगीताच्या विभागात ग्रॅमीचं नामांकन मिळालं. केसांवरून माणसाची पात्रता ठरवणाऱ्यांनी याचा जबाब द्यायला हवा.

आणि १९९१चं ते खरं संगीत? त्याच लाटेतल्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ या गाण्याच्या व्हिडिओतली शाळेची व्यायामशाळा लॉस एंजेलिस परिसरातल्या स्टुडिओत उभारलेला सेट होता. नाचणाऱ्या चिअरलीडर, झाडू घेतलेला सफाई कामगार, धूर, सगळं ठरवून आणलेलं. यात कमीपणा काहीच नाही. सॅम्युएल बायर या दिग्दर्शकानं तो व्हिडिओ उत्तम बांधला आहे. ग्लॅम मेटलला मूठमाती देणारा म्हणून तो गौरवला गेला, तरी सुरुवातीचं वर्षभर एमटीव्हीच्या पडद्यावर तोही बायरच्या नावाशिवायच दाखवला जात होता.