बेचाळीस दिवसांपलीकडची आई

गेल्या दोन दशकांत भारतातील बाळंतपण घरातून रुग्णालयात आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये संस्थात्मक प्रसूतीचे प्रमाण ३८.७ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. एक लाख जिवंत जन्मांमागे होणाऱ्या मातामृत्यूंची संख्या २०१४-१६ मध्ये १३० होती; २०१८-२० मध्ये ती ९७ पर्यंत उतरली. जननी सुरक्षा योजना आणि आशा कार्यकर्त्यांचे जाळे यांचा या यशात मोठा वाटा आहे. मात्र हे यश मोजणारी पट्टी आईच्या मनापर्यंत पोहोचत नाही.

‘जागतिक आरोग्य संघटने’च्या पत्रिकेत २०१७ मध्ये भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे २२ टक्के मातांमध्ये प्रसूतिपश्चात नैराश्य आढळते. वर्षाला दोन कोटींहून अधिक जन्म होणाऱ्या देशात याचा अर्थ लक्षावधी स्त्रिया असा होतो. पहिल्या काही दिवसांतील रडवेलेपणा बहुतेक बाळंतिणींना जाणवतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. तो ओसरला नाही, झोप आणि भूक हरवली, बाळाविषयी ओढच वाटेनाशी झाली, तर तो आजार समजावा. हजारांत एक-दोन स्त्रियांना भ्रम होऊ लागतात. तेव्हा तासाभराचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते.

हा प्रश्न अहवालांत का दिसत नाही? मातामृत्यूची प्रचलित व्याख्या प्रसूतीनंतर ४२ दिवसांपाशी थांबते. नैराश्य मात्र वर्षभरात केव्हाही डोके वर काढू शकते. त्या ४२ दिवसांतील आत्महत्या हा थेट मातामृत्यू मानावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच सुचवले. केरळमधील प्रसूतितज्ज्ञांनी २००४ पासून चालवलेल्या मातामृत्यूंच्या गोपनीय परीक्षणात आत्महत्या हे कारण स्पष्टपणे पुढे आले. इतरत्र अशी फाइल बहुधा पोलिसांकडेच राहते. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केल्यास दंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यानेच होते. प्रशासनात असताना मी या चौकशीची कागदपत्रे जवळून पाहिली. हुंडा आणि छळ यांविषयी तीत प्रश्न असतात, आणि ते असलेच पाहिजेत. पण ‘ही स्त्री केव्हा बाळंत झाली होती?’ हा प्रश्न मला तिथे क्वचितच आढळला. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे. दप्तरात ज्याचा रकाना नसतो, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही नसते.

यंत्रणा मात्र नव्याने उभारावी लागणार नाही. रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाते. २०१८ च्या कार्यक्रमाने त्यात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांच्या भेटींची भर घातली. म्हणजे अकरा वेळा कुणीतरी त्या उंबरठ्यावर असते. या भेटींचा मुख्य रोख बाळाचे वजन, तापमान आणि आहार यांवर आहे. आईच्या उदासीची ठरावीक विचारपूस त्यांत सहज बसेल. १९८७ पासून जगभर वापरली जाणारी एडिनबरो प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे.

पण नुसते प्रश्न वाढवून भागणार नाही. पहिल्या सहा भेटींसाठी आशाला मिळणारा मोबदला २५० रुपये आहे. तेवढ्यावरच नवे काम लादणे अन्यायाचे होईल. शिवाय सासू शेजारी बसलेली असताना सून खरे उत्तर देणार नाही. गोव्यात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरिबी आणि नवऱ्याची मारहाण यांचा या नैराश्याशी संबंध दिसला. मुलगाच हवा असलेल्या घरात मुलीचा जन्म हेही कारण होते. म्हणून एकांतातील संभाषण आणि पुढील उपचाराचा ठरलेला पत्ता, या दोन्ही गोष्टी आधी हव्यात.

आशादायक उदाहरणे देशातच आहेत. झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी गावांत महिला गटांच्या नियमित बैठकांचा प्रयोग झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे नवजात मृत्यू लक्षणीय घटले. तिसऱ्या वर्षी मध्यम स्वरूपाचे नैराश्यही निम्म्याहून कमी झाले. बंगळूरुच्या ‘निमहान्स’मध्ये आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा स्वतंत्र कक्ष आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः वेगळे करता येत नाही. मात्र दोघांना सामावणाऱ्या खाटा जिल्हा रुग्णालयांत नसतील, तर हा हक्क कागदावरच राहील.

तयारी गर्भारपणातच सुरू व्हावी. बंगालमध्ये ‘शाध’, तामिळनाडूत ‘वळैकाप्पू’, आपल्याकडे डोहाळजेवण. प्रसूतीआधी कुटुंबाने गोळा होण्याची रीत देशभर आहे. त्याच काळात रात्री बाळाला कोण घेईल, आईला सलग झोप कशी मिळेल, ती गप्प राहू लागली तर कोणाला कळवायचे, हे पतीने आणि वडीलधाऱ्यांनी ठरवून ठेवावे. पूर्वी असा त्रास झालेला असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. स्तनपान सुरू असतानाही देता येतील अशी औषधे आहेत. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तो प्रत्येक माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक छापावा आणि मृत्यूच्या चौकशीत प्रसूतीच्या तारखेचा रकाना घालावा. या दोन दुरुस्त्यांना नव्या कायद्याची गरज नाही. शासकीय परिपत्रक पुरेसे आहे.